विश्लेषण : रबर तेच, पण एक रिंग वर्षभर टिकते आणि दुसरी तीन महिन्यांत सैल पडते, असे का?

२६ जुलै २०१९च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हास नदीच्या पुरामुळे बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान अडकली. दुसऱ्या दिवशी एनडीआरएफ, नौदल आणि स्थानिक नागरिकांनी मिळून सुमारे १,०५० प्रवाशांना सुखरूप बाहेर काढले. त्या दिवसाची छायाचित्रे पाहिलेल्यांना हवा भरलेल्या बोटी आठवत असतील. पुराच्या पाण्यात काटेरी झुडपे असतात, तारा असतात, रुळांखालची खडी असते. अशा बोटीचे कापड फाटले किंवा त्याचा जोड सुटला तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

बचावकार्यातल्या हवेच्या बोटींचे कापड बहुतेक वेळा कृत्रिम रबराचा किंवा पीव्हीसीचा थर दिलेले असते. आपल्या घरातही कृत्रिम रबर ठिकठिकाणी असते. कुकरची रिंग, गॅसची नारिंगी नळी, दुचाकीतला पेट्रोलचा पाइप ही त्याची रोजची उदाहरणे. वस्तू घेताना आपण फार तर ‘रबर चांगले आहे ना?’ असे विचारतो. पण रबर कोणते, याइतकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न आहे : ते शिजवले कसे? एकाच पोत्यातल्या रबरापासून केलेल्या दोन रिंगांपैकी एक वर्षभर टिकते आणि दुसरी तीन महिन्यांत सैल पडते, याचे कारण अनेकदा या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात असते.

‘क्युअरिंग’ म्हणजे नेमके काय?

कच्चे रबर म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या लांबच लांब रेणूंचा गुंता. हे रेणू एकमेकांना बांधलेले नसतात. म्हणून कच्चे रबर ताणले की ताणलेलेच राहते, उन्हात चिकट होते, थंडीत कडक पडते. या रेणूंमध्ये जागोजागी पक्के रासायनिक दुवे तयार केले की त्यांचे एक सलग जाळे बनते. मग रबर ताणले तरी पूर्ववत होते. दुवे बांधण्याच्या या प्रक्रियेला क्युअरिंग किंवा व्हल्कनायझेशन म्हणतात. अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर यांना १८३९मध्ये गंधक आणि उष्णता यांचा हा परिणाम सापडला आणि १८४४मध्ये त्यांनी त्याचे पेटंट घेतले.

शिवणकामासाठी प्रसिद्ध असलेल्या उल्हासनगरात हे समजायला एक सोपे उदाहरण आहे. कापड म्हणजे रबर आणि टाके म्हणजे हे रासायनिक दुवे. टाके किती घातले, लांब घातले की आखूड, सैल की घट्ट, यावर शिवण ताणाला कशी वागते हे ठरते. सैल, लांब टाका ओढले की थोडा सरकतो आणि ताण वाटून घेतो. आखूड, घट्ट टीप जागची हलत नाही, पण जोराचा हिसका बसला तर कापडच फाटते. कापड दोन्हीकडे तेच असते.

हे दुवे एकदा बसले की रबर पुन्हा वितळत नाही. प्लास्टिकचा बिघडलेला माल दळून परत साच्यात घालता येतो. रबराची बिघडलेली रिंग ही बिघडलेलीच राहते. म्हणून क्युअरिंगच्या पाच-दहा मिनिटांत जे होते, त्यावर त्या वस्तूचे पुढचे सगळे आयुष्य ठरते.

कृत्रिम रबराचे वेगळेपण काय?

दुसऱ्या महायुद्धात जपानने मलाया आणि आजचा इंडोनेशिया ताब्यात घेतल्यावर अमेरिका आणि मित्रराष्ट्रांचा नैसर्गिक रबराचा पुरवठा जवळपास बंद झाला. त्यानंतर पेट्रोलियमपासून रबर बनवण्याचा उद्योग झपाट्याने वाढला. भारतात १९६०च्या दशकात उत्तर प्रदेशातील बरेली येथे पहिला कृत्रिम रबर कारखाना सुरू झाला.

आज ‘कृत्रिम रबर’ हे एका वस्तूचे नाव नसून मोठ्या कुटुंबाचे आडनाव आहे. टायर आणि चपलांच्या तळव्यांसाठी एसबीआर, तेल-पेट्रोलजवळ नायट्राइल, ऊन-पाऊस सोसायला ईपीडीएम, हवा धरून ठेवायला ब्युटाइल, ज्वाळा आणि हवामान दोन्हींना तोंड द्यायला निओप्रीन, अन्न आणि औषधाजवळ सिलिकॉन, तर अतिउष्ण इंधनासाठी फ्लुओरोरबर. प्रत्येकाची रेणुरचना वेगळी असल्यामुळे दुवे बांधण्याची पद्धतही वेगळी निवडावी लागते. नैसर्गिक रबराचे गणित जसेच्या तसे इथे चालत नाही. उदाहरणार्थ, नैसर्गिक रबर फार शिजले तर दुवे तुटून मऊ पडते. एसबीआर आणि नायट्राइल मात्र जास्त उष्णतेत उलट कडक होत जातात आणि शेवटी त्यांना भेगा पडतात. घरातली जुनी काळी रिंग वाळलेल्या चामड्यासारखी होते ती यामुळेच.

गंधकाच्या तीन पद्धती कोणत्या?

गंधक एकटे घातले तर रबर शिजायला तासन्‌तास लागतात. त्यामुळे सोबत झिंक ऑक्साइड, स्टिअरिक अ‍ॅसिड आणि ‘अ‍ॅक्सिलरेटर’ म्हणजे क्रिया वेगाने घडवणारी रसायने घालतात. गंधक आणि अ‍ॅक्सिलरेटर यांच्या प्रमाणावरून तीन पद्धती पडतात.

पहिली पारंपरिक पद्धत. १०० भाग रबराला साधारण २ ते साडेतीन भाग गंधक आणि त्या मानाने कमी अ‍ॅक्सिलरेटर. यात दोन रेणूंमध्ये गंधकाच्या अनेक अणूंची लांब साखळी बसते. हा झाला सैल टाका. असे रबर पुन्हा पुन्हा वाकवले तरी लवकर चिरत नाही, फाडायलाही चिवट असते. पण गंधक-गंधक बंध तुलनेने कमजोर असतो. सतत उष्णता मिळाली की तो तुटतो आणि भलत्याच जागी पुन्हा जुळतो.

दुसरी ‘एफिशिअंट’ किंवा ईव्ही पद्धत. यात गंधक अर्धा-पाऊण भाग आणि अ‍ॅक्सिलरेटर भरपूर. दुव्यात गंधकाचा एकच किंवा दोनच अणू येतात. टाका आखूड आणि पक्का. उष्णतेत हे रबर जास्त टिकते, दाबून ठेवले तरी आपली जाडी राखते. पण वारंवार वाकवण्याच्या कामात ते पारंपरिक पद्धतीच्या मागे पडते. तिसरी ‘सेमी-ईव्ही’ ही मधली वाट. दोन्हीकडचे थोडे घ्यायचे, थोडे सोडायचे.

याचा अर्थ एक पद्धत चांगली आणि दुसरी वाईट असा नाही. चपलेचा तळवा दिवसातून हजारो वेळा वाकतो, पण त्याला १२० अंश सोसावे लागत नाहीत. कुकरची रिंग वाकत नाही, पण रोज वाफेत दाबून बसते. तळव्याची पाककृती रिंगेला लावली तर माल सुरुवातीला उत्तम दिसेल, हाताला लवचीकही लागेल, आणि काही आठवड्यांत कुकर बाजूने वाफ सोडू लागेल.

पेरॉक्साइड वापरले तर काय बदलते?

पेरॉक्साइड हे गंधकाप्रमाणे दुव्याचा भाग बनत नाही. उष्णतेत त्याचे तुकडे होतात, ते तुकडे रबराच्या रेणूंवरचे हायड्रोजन अणू काढून घेतात आणि रेणू थेट एकमेकांना जोडले जातात. हा कार्बन-कार्बन बंध तोडायला साधारण ३५० किलोज्यूल प्रति मोल ऊर्जा लागते. कार्बन-गंधक बंधाला सुमारे २८५ आणि गंधक-गंधक बंधाला २७० किंवा त्याहून कमी. म्हणून पेरॉक्साइडने शिजवलेले ईपीडीएम किंवा नायट्राइल उष्णतेत सर्वाधिक टिकते आणि दाबातून सुटल्यावर उत्तम सावरते.

किंमत मात्र मोजावी लागते. रसायन महाग आहे. घट्ट टिपेसारखा दुवा सरकत नसल्याने रबर फाटायला सोपे होते. साच्यातून गरम माल ओढून काढताना कोपरे तुटतात. सर्वसाधारण पेरॉक्साइड उघड्या गरम हवेत वापरता येत नाही, कारण हवेतला ऑक्सिजन मध्ये येतो आणि पृष्ठभाग चिकट राहतो. डायक्युमाइल पेरॉक्साइड हे सर्वांत जास्त वापरले जाणारे रसायन विघटनानंतर असिटोफिनोन सोडते. त्याचा गोडसर उग्र वास मालात रेंगाळतो.

ज्यांना गंधक चालत नाही त्यांचे काय?

निओप्रीनला गंधकाऐवजी झिंक ऑक्साइड आणि मॅग्नेशिअम ऑक्साइड लागतात. सोबत इथिलीन थायोयुरिया हे रसायन फार प्रभावी ठरते, पण ते गर्भाला अपाय करणारे मानले जात असल्याने त्याला पर्याय शोधले गेले आहेत. ब्युटाइल रबर गंधकाने शिजते. पण टायर कारखान्यात टायरला आतून दाबणारा फुगा, म्हणजे ब्लॅडर, वाफेच्या उष्णतेत शेकडो वेळा वापरायचा असतो. तिथे ब्युटाइलला फिनॉल-फॉर्मल्डिहाइड रेझिनने शिजवतात.

सिलिकॉनचे दोन मार्ग आहेत. पेरॉक्साइडचा मार्ग स्वस्त, पण विघटनातून उरलेले पदार्थ घालवण्यासाठी माल नंतर २०० अंशांच्या भट्टीत काही तास ठेवावा लागतो. प्लॅटिनमचा मार्ग महाग, पण त्यात असे अवशेष उरत नाहीत. वैद्यकीय नळ्या आणि बाळांच्या वस्तूंसाठी त्याला पसंती मिळते ती त्यामुळे. प्लॅटिनमला एक वैरी आहे : गंधक. गंधकाचे रबर हाताळलेल्या मिलवर, टेबलावर किंवा हातमोज्याने प्लॅटिनमचे सिलिकॉन हाताळले तर ते शिजतच नाही, लिबलिबीत राहते. एकाच गाळ्यात दोन्ही कामे करणाऱ्या छोट्या कारखान्याला हे फार जपावे लागते.

उष्णता कशी दिली, यानेही फरक पडतो का?

पडतो. कुकरची रिंग, ओ-रिंग, ऑइल सील असे भाग साच्यात घालून गरम हायड्रॉलिक प्रेसखाली दाबतात. दाबामुळे आत हवेचे बुडबुडे राहत नाहीत आणि मापही अचूक येते. मोठ्या संख्येसाठी इंजेक्शन मोल्डिंग वापरतात. त्यात रबर आधीच गरम होऊन साच्यात शिरते, त्यामुळे वेळ वाचतो आणि आत-बाहेर सारखे शिजते.

जाड नळ्या आणि रोलर ऑटोक्लेव्हमध्ये वाफेवर शिजतात. ऑटोक्लेव्ह म्हणजे खोलीएवढा कुकरच. इथे उष्णता हळूहळू आत जाते आणि घाई केली की बाहेरचा थर करपतो, आतला कच्चा राहतो. जाड भाकरी मोठ्या आचेवर टाकल्यासारखे.

दारे-खिडक्यांच्या कडांना लागणाऱ्या लांब पट्ट्या सलग पद्धतीने बनतात. त्यांना गरम हवेच्या बोगद्यातून, वितळलेल्या क्षारांच्या सुमारे २०० ते २४० अंशांच्या हौदातून किंवा मायक्रोवेव्हमधून नेतात. मायक्रोवेव्हची लहरवारंवारता घरातल्या ओव्हनइतकीच, २,४५० मेगाहर्ट्‌झ. फायदा असा की उष्णता बाहेरून आत न जाता रबराच्या पोटातच तयार होते. मात्र ईपीडीएमसारखे रबर स्वतः मायक्रोवेव्ह फारसे शोषत नाही, त्यात कार्बन ब्लॅक म्हणजे काजळी असावी लागते. या पद्धतींत वरून दाब नसतो. त्यामुळे कंपाउंडमध्ये थोडीही ओल असेल तर पट्टीत फोड येतात.

आणखी एक मार्ग उष्णतेशिवायचा आहे : इलेक्ट्रॉन झोत. यात रसायनाऐवजी इलेक्ट्रॉनच थेट रेणूंमध्ये दुवे घडवतात. आपल्याच परिसरात, वाशीतील ब्रिट आणि भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संकुलात आयएलयू-६ हा २० लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट क्षमतेचा त्वरक केबलच्या आवरणासारख्या कामांसाठी वापरला गेला आहे. पद्धत स्वच्छ आणि काही सेकंदांची आहे. पण या ऊर्जेचे इलेक्ट्रॉन काही मिलिमीटरच आत शिरतात आणि यंत्रणेचा खर्च लघुउद्योगाच्या आवाक्याबाहेरचा असतो.

वेळ थोडा कमी केला तर काय बिघडते?

सगळ्यांत मोठा धोका इथेच आहे. प्रयोगशाळेत रिओमीटर नावाच्या यंत्रात रबराचा छोटा गोळा गरम साच्यात हलवत ठेवतात आणि तो किती घट्ट होत जातो याचा आलेख काढतात. ९० टक्के घट्टपणा यायला लागणाऱ्या वेळेला ‘टी-९०’ म्हणतात. साचा किती मिनिटे बंद ठेवायचा, हे या आकड्यावरून आणि मालाच्या जाडीवरून ठरते. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढवले की वेळ निम्मा होतो. १५० अंशांवर १० मिनिटे लागत असतील तर १६० अंशांवर साधारण ५.

आता गाळ्यातला हिशेब पाहू. समजा, एका प्रेसवर क्युअरिंगला १० मिनिटे आणि माल काढ-घाल करायला २ मिनिटे लागतात. ८ तासांच्या पाळीत ४० फेऱ्या होतात. क्युअरिंग ७ मिनिटांवर आणले तर फेऱ्या ५३ होतात. त्याच विजेत, त्याच मजुरीत पाळीमागे १३ फेऱ्या जास्त. नगावर पैसे मिळत असतील आणि मोठ्या ग्राहकाने भाव पाडून मागितला असेल, तर हा मोह किती मोठा असतो हे कळते. बाहेर येणारी रिंग दिसायला तशीच असते. काळी, चकचकीत, मापात. कमी पडलेले दुवे डोळ्यांना दिसत नाहीत. मध्येच वीज गेली आणि साच्याचे तापमान उतरले, तरी हाच परिणाम होतो. त्या फेरीचा माल बाजूला काढायचा की डब्यात टाकायचा, हे शेवटी प्रेसवरच्या माणसाच्या हातात आणि त्याला मिळालेल्या सूचनेत असते.

हे पकडता येते का?

येते, आणि फार खर्चही नाही. दाबून ठेवलेले रबर सुटल्यावर किती सावरते, याच्या चाचणीला ‘कॉम्प्रेशन सेट’ म्हणतात. रबराच्या चाचण्यांच्या आयएस ३४०० या भारतीय मानक मालिकेत ती आहे. ५ मिलिमीटर जाडीचा तुकडा २५ टक्के दाबून पावणेचार मिलिमीटर केला, ठरावीक तास गरम ठेवला आणि सोडल्यावर तो साडेचार मिलिमीटरपर्यंतच परत आला, असे समजू. सव्वा मिलिमीटर दाबले होते, त्यातले अर्धा मिलिमीटर परत आले नाही. म्हणजे सेट ४० टक्के. सीलबंद करण्याच्या कामात हा आकडा जितका कमी तितका चांगला. एकाच नायट्राइल रबराचा हा आकडा पारंपरिक गंधक पद्धतीत जास्त, ईव्हीमध्ये कमी आणि पेरॉक्साइडमध्ये त्याहून कमी येतो. कच्च्या मालाचा तर सर्वांत वाईट.

रबराने वेळेवर न सावरण्याची जगातली सर्वांत परिचित किंमत अमेरिकेने मोजली. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यानाच्या स्फोटात ७ अंतराळवीरांचा मृत्यू झाला. गोठणबिंदूजवळच्या थंडीत रॉकेटच्या सांध्यातली फ्लुओरोरबराची ओ-रिंग पुरेशा वेगाने पूर्ववत झाली नाही. तिथे कारण थंडी होती, क्युअरिंग नव्हे. पण धडा तोच आहे : सील दिसायला अखंड असणे आणि सील काम करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अंबरनाथ-बदलापूर पट्ट्याचा याच्याशी संबंध काय?

अंबरनाथच्या आनंदनगर आणि मोरिवली तसेच बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत रसायन, औषध आणि इंजिनीअरिंग कारखाने आहेत. या प्रत्येकाला पंपाचे सील, व्हॉल्व्हची डायफ्रॅम, पाइपच्या जोडातली गॅस्केट लागते. अ‍ॅसिड किंवा ज्वलनशील द्रव वाहणाऱ्या पाइपमध्ये चुकीच्या पद्धतीने शिजवलेली गॅस्केट बसली, तर गळती होते आणि तिचा त्रास कंपाउंडच्या भिंतीपाशी थांबत नाही. वालधुनी आणि उल्हास नदीकाठच्या लोकांना हे सांगण्याची गरज नाही.

रबराच्या रसायनशास्त्राचा एक धागाही इथून जातो. शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये व्हिस्कोस धागा बनवताना कार्बन डायसल्फाइड लागते. टायरला बळकटी देणारा रेयॉन धागाही याच कारखान्याने बनवला. हेच कार्बन डायसल्फाइड, अ‍ॅनिलिन आणि गंधक यांच्यापासून जगभर ‘एमबीटी’ हा रबराचा अ‍ॅक्सिलरेटर तयार होतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यात नोसिलचा रबर-रसायनांचा कारखाना आहे. आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये रबरावर संशोधन आणि चाचण्या करणारी संस्था आहे, जिला उद्योगात सगळे ‘इर्मरा’ म्हणून ओळखतात. म्हणजे कच्चे रसायन, चाचणी आणि बाजारपेठ असे सगळे तासाभराच्या लोकल प्रवासात आहे. छोट्या उद्योजकाला नमुना तपासून घ्यायला दूर जावे लागत नाही.

ई-२० पेट्रोलचा मुद्दा यात कुठे येतो?

देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०३०ऐवजी २०२५मध्येच गाठले गेले. एप्रिल २०२३पासूनच्या नव्या वाहनांचे भाग या इंधनाला अनुरूप असणे अपेक्षित आहे. काही जुन्या वाहनांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबराचे काही भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, असे केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५मध्ये स्पष्ट केले होते. हा बदल स्वस्त असल्याचेही सरकारचे म्हणणे होते.

नायट्राइल रबर निव्वळ पेट्रोलपेक्षा इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये जास्त फुगते. त्यातले मऊपणा आणणारे तेलही निघून जाते आणि नंतर वाळल्यावर ते आक्रसते, चिरते. किती फुगेल हे आधी रबराच्या जातीवर ठरते आणि मग दुव्यांच्या संख्येवर. जाळे जितके दाट तितके द्रव आत शिरायला अवघड. म्हणजे कच्चा शिजवलेला पाइप चांगल्या नायट्राइलचा असला तरी लवकर फुगणार. स्टेशनपर्यंत दहा-बारा वर्षे जुनी दुचाकी नेणारे हजारो प्रवासी कल्याणपलीकडच्या या शहरांत आहेत. पाइप बदलण्याचा खर्च खरोखरच फार नाही. पण बदललेला पाइपच निकृष्ट असेल तर पेट्रोल तापलेल्या इंजिनवर टपकण्याचा धोका उरतोच.

कामगारांच्या आरोग्याचे काय?

प्रेस उघडला की जो धूर डोळ्यांना झोंबतो, तोही क्युअरिंगच्या पद्धतीवर ठरतो. थायुरमसारख्या काही अ‍ॅक्सिलरेटरपासून उष्णतेत नायट्रोसअमाइन तयार होतात. त्यांतील काही कर्करोगकारक मानली जातात. क्षारांच्या हौदात नायट्राइट असल्याने तिथे ही शक्यता वाढते. युरोपात बाळांच्या रबरी निपलमधून सुटणाऱ्या नायट्रोसअमाइनवर १९९३पासून किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. ही रसायने न सोडणारे अ‍ॅक्सिलरेटर उपलब्ध आहेत, फक्त ते महाग आहेत. प्रेसच्या डोक्यावर धूर ओढून घेणारा पंखा बसवणे मात्र कोणत्याही गाळ्याला परवडण्यासारखे आहे.

ग्राहकाने काय पाहावे?

क्युअरिंग डोळ्यांना दिसत नाही, पण त्याच्या खुणा दिसतात. नव्या रिंगेचा पृष्ठभाग चिकट लागत असेल, नखाने दाबल्यावर वळ तसाच राहत असेल किंवा दुमडल्यावर बाहेरच्या कडेला बारीक भेगा दिसत असतील तर ती घेऊ नये. वर पांढरी भुकटी दिसली तर ते न वापरले गेलेले गंधक किंवा रसायन असू शकते. कधी कधी ते संरक्षक मेणही असते, त्यामुळे तेवढ्यावरून निकाल देऊ नये.

कुकरच्या रिंगेसाठी आयएस ७४६६ आणि एलपीजीच्या नळीसाठी आयएस ९५७३ ही भारतीय मानके आहेत. रिंग शक्यतो कुकर बनवणाऱ्या कंपनीचीच आणि त्याच मॉडेलची घ्यावी. कुकर सुमारे १२० अंशांवर आणि वातावरणाच्या दुप्पट दाबाखाली चालतो, हे दहा-वीस रुपये वाचवताना लक्षात ठेवावे. रिंग रोज काढून, धुऊन, झाकणाबाहेर सैल ठेवली तर तिचा सेट कमी होतो. गॅसची नळी वरून ठणठणीत दिसली तरी पाच वर्षांनी बदलावी, तिच्यावर छापलेली तारीख पाहावी. दुचाकीच्या सर्व्हिसिंगच्या वेळी पेट्रोलचा पाइप बोटांनी दाबून पाहायला मेकॅनिकला सांगावे. फुगलेला, लिबलिबीत किंवा लाकडासारखा कडक, तिन्ही बदलण्याजोगे.

आणि रबराचे भाग विकत घेणाऱ्या कारखान्यांसाठी एक साधी सूचना. खरेदीच्या कागदावर फक्त ‘नायट्राइल, कडकपणा ७०’ एवढे लिहिले तर भाव सर्वांत कमी देणाराच जिंकतो. कडकपणा काजळी वाढवूनही आणता येतो. त्यासोबत कॉम्प्रेशन सेट आणि उष्णतेत ठेवल्यानंतरचा बदल, असे दोन आकडे मागितले तर क्युअरिंगची तीन मिनिटे चोरणे अवघड होते. प्रेसवर उभ्या असलेल्या माणसालाही मग घाईघाईने साचा उघडावा लागत नाही.